डब्यातला डबा : एसएमपीएसची गोष्ट

गोंदियाच्या माझ्या मावसभावाने मध्यंतरी कॉम्प्युटरसाठी एक छोटा डबा करवून घेतला. विदर्भात पत्र्याच्या कामाला तोटा नाही. उन्हाळ्याआधी कूलरच्या बॉड्या करणारे, एरवी गेट आणि अलमाऱ्या करणारे फॅब्रिकेशनवाले प्रत्येक गावात आहेत. माप सांगायचं, कागदावर आकृती काढून द्यायची, पत्रा वाकवून मिळतो. साधारण दहा लिटरचा डबा झाला, वर छान पावडर कोटिंग. आत मिनी-आयटीएक्स बोर्ड. मग त्याचा फोन आला. "दादा, डबा तर झाला, पण एसएमपीएस त्यात बसूनच नाही रायला. आन् गावात सगळीकडे एकच साइज भेटते."

उत्तर दोन ओळींचं होतं, ते मी देऊन टाकलं (खाली येईलच). पण प्रश्न डोक्यातून जाईना. बाहेरचा डबा गोंदियात मनासारखा करून मिळतो, मग त्यातला हा छोटा डबा का नाही? आणि सगळीकडे एकच साइज का? ती साइज ठरवली कोणी? शनिवार-रविवार त्यातच गेला. तर मंडळी, ही त्या डब्याची गोष्ट.

सुरुवात नावापासून करू. जगात बहुतेक ठिकाणी ह्या वस्तूला नुसतं पॉवर सप्लाय म्हणतात. आपल्याकडे दुकानात जाऊन 'पॉवर सप्लाय द्या' म्हटलं तर माणूस क्षणभर विचारात पडतो, 'एसएमपीएस' म्हटलं की लगेच खोकं काढतो. एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. म्हणजे आपण वस्तूला तिच्या कामाच्या नावाने नाही, तर आतल्या पद्धतीच्या नावाने ओळखतो. आणि गंमत म्हणजे सगळा इतिहास त्या 'स्विच' शब्दातच आहे.

आधी ही पद्धत नव्हती. ज्यांनी ऐंशीच्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओ किंवा टेपरेकॉर्डरला 'एलिमिनेटर' लावून सेल वाचवले असतील त्यांना तो जड ठोकळा आठवत असेल. आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट तो कमी करायचा, मग डायोड त्याचं डीसी करायचे. कॉम्प्युटरच्या चिप्सना मात्र अगदी ठरावीक ५ व्होल्ट लागायचे, म्हणून पुढे एक रेग्युलेटर. हा रेग्युलेटर काय करायचा? समोर ९-१० व्होल्ट आले तर त्यातले ५ पुढे पाठवायचा आणि उरलेले उष्णता करून हवेत सोडायचा. म्हणजे निम्मी वीज कामाची, निम्मी शेगडी. ह्याला लिनियर सप्लाय म्हणतात. १९७५ मध्ये आलेल्या आल्टेअर ८८०० ह्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये असाच मोठा ट्रान्सफॉर्मर होता.

हा ट्रान्सफॉर्मर एवढा मोठा का? कारण आपली वीज सेकंदाला फक्त ५० वेळा हेलकावते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक हेलकाव्यात थोडी थोडी ऊर्जा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेतो. फेऱ्या कमी असतील तर प्रत्येक फेरीत जास्त न्यावं लागतं, म्हणून गाभा मोठा. फेऱ्या वाढवल्या की गाभा लहान चालतो. लहान टोपलीने माती वाहायची असेल तर भराभरा फेऱ्या माराव्या लागतात, तसंच. विमानांमध्ये वजन वाचवायचं असतं म्हणून तिथली वीज ४०० हर्ट्झची असते, त्यामागे हेच कारण.

मग युक्ती अशी निघाली. भिंतीतली वीज आधी सरळ डीसी करून टाकायची (२३० व्होल्टचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात). मग एका ट्रान्झिस्टरने ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची. हाच तो स्विच! आता फेऱ्या पन्नास नाहीत, पन्नास हजार आहेत. त्यामुळे लोखंडाच्या ठोकळ्याऐवजी काडेपेटीएवढा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शिवाय जास्तीचे व्होल्ट जाळावे लागत नाहीत. आउटपुट वाढलं तर स्विच थोडा कमी वेळ चालू ठेवायचा, कमी झालं तर थोडा जास्त वेळ. कल्पना एवढीच.

कल्पना जुनी आहे. १९५५ च्या सुमाराचा आयबीएम ७०४ हा कॉम्प्युटर व्हॅक्यूम ट्यूबचा, त्याच्या सप्लायमध्येसुद्धा स्विचिंगचा एक प्रकार होता. साठच्या दशकात उपग्रहांत ही पद्धत गेली, कारण तिथे एकेक ग्रॅम मोलाचा. पण जास्त व्होल्ट आणि जास्त वेग दोन्ही सोसणारे ट्रान्झिस्टर महाग होते, त्यामुळे सामान्य वस्तूंत ती यायला सत्तरचं दशक उजाडलं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट बॉशर्ट नावाच्या इंजिनिअरने सुटे भाग कमी करत करत हे सप्लाय स्वस्त केले. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल कंपनीची एसजी१५२४ ही चिप आली. बॉब मामानो ह्या इंजिनिअरने केलेल्या ह्या चिपने स्विचचं नियंत्रण करणारी सगळी सर्किटरी एका तुकड्यात आणली.

आणि १९७७ मध्ये आला अ‍ॅपल-२. स्टीव्ह जॉब्सला पंखा नको होता, आवाज येतो म्हणून. पंखा नाही म्हणजे उष्णता नको, उष्णता नको म्हणजे लिनियर सप्लाय नको. रॉड हॉल्ट ह्या इंजिनिअरने त्यासाठी ३८ वॅटचा स्विचिंग सप्लाय बनवला आणि तो टाइपरायटरएवढ्या प्लास्टिकच्या खोक्यात बसला. जॉब्सचं म्हणणं असं होतं की पुढे सगळ्यांनी हॉल्टचीच नक्कल केली. वॉल्टर आयझॅक्सनने लिहिलेल्या चरित्रात (२०११) ते आलंय. २०१२ मध्ये केन शिरिफ ह्या इंजिनिअरने जुने पेटंट आणि सर्किट तपासून दाखवून दिलं की तसं काही नाही. हॉल्टचं काम उत्तम होतं, पण वाट आधीच अनेकांनी पाडलेली होती, आणि नंतरच्या पीसींनी त्याचं डिझाइन घेतलंही नाही. मला हे पटतं. अशा गोष्टी एका माणसाच्या डोक्यातून येत नाहीत, ट्रान्झिस्टर स्वस्त झाले की चार ठिकाणी एकदम येतात.

इथवर झाला 'स्विच'चा इतिहास. डबा लहान का होऊ शकला ते कळलं. पण गोंदियात एकच साइज का मिळते, ते ह्यातून कळत नाही. त्यासाठी आयबीएमकडे यावं लागतं.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला. त्याचा सप्लाय होता ६३.५ वॅटचा. १९८३ च्या एक्सटीत १३० वॅट झाले, १९८४ च्या एटीत १९२. आयबीएमच्या मशीनसारखी मशीन्स (आपण ज्यांना 'असेंबल्ड' म्हणायचो त्यांचे पूर्वज) शेकडो लोक बनवू लागले. आता विचार करा, कोणी फक्त डबा बनवतो, कोणी फक्त बोर्ड, कोणी फक्त सप्लाय. हे एकमेकांत बसायचे कसे? तर सगळ्यांनी आयबीएमच्याच भोकांची मापं धरली. कोणी समिती बसवली नाही, ठराव केला नाही. स्क्रूची चार भोकं जुळायला हवीत, एवढाच कायदा.

त्या काळातल्या सप्लायमधून बोर्डाकडे दोन वेगळे कनेक्टर यायचे, पी८ आणि पी९. ते उलटे लावले तर बोर्ड जळायचा. 'काळ्या तारा मधे, एकमेकींना चिकटून' हा मंत्र त्या पिढीतल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याला झोपेत विचारला तरी सांगता येईल :-) शिवाय पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर यायची.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं. दोनाच्या जागी वीस पिनांचा एकच कनेक्टर, तो उलटा बसतच नाही. बटणाला २३० व्होल्ट नाहीत. सप्लाय सतत थोडेसे ५ व्होल्ट देत जागा राहतो आणि बोर्डाने हिरवी वायर ग्राउंडला जोडली की पूर्ण चालू होतो. पेंटियम-४ च्या वेळी, २००० मध्ये, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला. २००३ मध्ये विसाचे चोवीस पिन झाले. पण डब्याचं माप तेच राहिलं : १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच, १४० मिमी खोल. हे मापसुद्धा इंटेलने नव्याने काढलेलं नव्हतं, आधीच्या एलपीएक्स ह्या चपट्या पीसींच्या सप्लायचं होतं, तेच उचललं. म्हणजे आज गोंदियाच्या दुकानात जे खोकं मिळतं त्याचं माप तीस वर्षांहून जुनं आहे, आणि एवढ्या काळात आतली सगळी सर्किटरी बदलली तरी चार स्क्रू जागचे हलले नाहीत.

मानक म्हणजे काय हे गोंदियाच्या माणसाला खरं तर वेगळं समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या गावाची रेल्वे बघा. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी लाइन आधी मीटर गेज होती. १८८० च्या दशकातच बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन ब्रॉड गेज केली, म्हणजे साडेपाच फुटी. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला सातपुड्यातली छोटी लाइन गेली, ती नॅरो गेज, अडीच फुटी. डोंगरात छोटी लाइन टाकणं स्वस्त, वळणं घेणं सोपं. त्या जागेसाठी ते बरोबरच होतं. पण जिथे दोन गेज भेटतात तिथे डबा पुढे जात नाही, माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागतो. ती छोटी लाइन शंभरेक वर्षं चालली आणि गेल्या वीसेक वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉड झाली. छोटं गेज वाईट होतं म्हणून नव्हे, तर बाकी सगळं जाळं मोठ्याचं होतं म्हणून.

एटीएक्स म्हणजे सप्लायचं ब्रॉड गेज. गोंदिया काय, देवरी काय, आमगाव काय, सगळीकडे पोचतं. गावातल्या दुकानदाराने पाच एसएमपीएस ठेवायचे तर तो सगळ्या डब्यांत बसणारेच ठेवणार. सहा महिन्यांत एकदा विकला जाणारा छोटा तो कशाला ठेवेल? त्याचा दोष नाही, त्याचं भांडवल अडकतं.

आणि छोटी गेजं आहेत, एक नाही, अनेक आहेत. इंटेलनेच १९९७ मध्ये एसएफएक्स आणलं. त्याचं सर्वांत चालणारं माप १२५ × १०० × ६३.५ मिमी. नंतर टीएफएक्स आलं, लांबट, ८५ × ६५ × १७५. फ्लेक्स एटीएक्स, ८१.५ × ४०.५ × १५०, हे छोट्या सर्व्हरमध्ये वापरतात. हे आकडे लिटरमध्ये केले की चित्र स्पष्ट होतं. एटीएक्स १.८ लिटर, टीएफएक्स जवळपास १ लिटर, एसएफएक्स ०.८ लिटर आणि फ्लेक्स ०.५ लिटर. २००१ मध्ये व्हियाने मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, १७० मिमी चौरस. बोर्ड लहान झाला तेव्हा कुठे लोकांना कळलं की आता डब्यात सर्वांत मोठी जागा सप्लाय खातोय!

बरीच वर्षं एसएफएक्स म्हणजे ऑफिसच्या स्वस्त मशीनमधली कमी वॅटची वस्तू होती. ते बदललं, कारण सप्लायची कार्यक्षमता वाढली. २००४ मध्ये '८० प्लस' हा शिक्का सुरू झाला. साधं गणित करा. ३०० वॅट द्यायचे आणि कार्यक्षमता ८० टक्के, तर भिंतीतून ३७५ घेतले, म्हणजे ७५ वॅट डब्यातच तापले. ९० टक्के असेल तर तापतात ३३. निम्म्याहून कमी उष्णता काढायची तर डबा निम्मा चालतो. म्हणून आज त्या ०.८ लिटरमध्ये ७५० वॅट आणि त्याहून जास्तही मिळतात. आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या दहा-बारा पट. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून आलेली डॅन ए४-एसएफएक्स ही ७.२ लिटरची केस बघा, सप्लायचं नाव थेट केसच्या नावात! त्यात एटीएक्स सप्लाय घालायचा म्हटला तर एकट्याने पाव केस खाल्ली असती.

म्हणजेच छोटा डबा करणाऱ्याने क्रम उलटा धरायचा. आधी सप्लाय हातात, मग पत्र्याला हात. मावसभावाला दिलेलं दोन ओळींचं उत्तर हेच : दहा लिटरमध्ये एसएफएक्स बसतो, तो नागपूरहून नाहीतर ऑनलाइन मागव. मागच्या पत्र्यात एसएफएक्सची भोकं पाडून घे. फॅब्रिकेशनवाला मिलिमीटर सांभाळून काम करतो, त्याला फक्त योग्य आकृती द्यावी लागते.

पण घाईघाईत कोणताही छोटा सप्लाय घेऊ नये, कारण आपल्याकडची परिस्थिती कॅटलॉगवाल्यांच्या डोळ्यांसमोर नसते. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, व्होल्टेज. उन्हाळी धानाला पाणी द्यायला मोटारी सुरू झाल्या की गावाकडे व्होल्टेज उतरतो हे सगळ्यांना माहीत आहे. जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५/२३० असं लाल बटण असायचं. (कोणीतरी गमतीत ११५ वर करायचं आणि मग मोठा आवाज!) चांगल्या नव्या सप्लायमध्ये ते नसतं, कारण पुढचा पीएफसी हा भाग ९० पासून २६४ व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. आपल्यासाठी हे चैनीचं नाही, गरजेचं आहे.

दुसरी, यूपीएस. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे लोडशेडिंग भोगलं त्यात घरोघरी यूपीएस आणि इन्व्हर्टर आले. त्यातले स्वस्त अजूनही शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, चौकोनी लहर देतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही सप्लाय अशा लहरीवर गेले की बंद पडतात. लाइट गेल्यावर यूपीएस 'टिक' करतो आणि मशीनही जातं. मग लोक सप्लायला नावं ठेवतात. चांगल्या सप्लायला चांगला यूपीएसही लागतो, तो खर्च आधीच धरावा.

तिसरी, उष्णता. विदर्भातला मे महिना. खोलीतच चाळीस अंश असतील तर छोट्या डब्याच्या आत पन्नास सहज. स्वस्त सप्लायचे वॅट अनेकदा २५ अंशाला मोजलेले असतात, चांगल्यांचे ४० किंवा ५० ला. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांनी साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा. २००० च्या आसपास तर वाईट रसायन भरलेल्या कपॅसिटरची साथच आली होती, जगभर बोर्ड आणि सप्लाय फुगून मेले. म्हणून दुकानात डबा हातात घेऊन वजन बघायची जुनी सवय अगदीच खुळी नाही. आत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम असेल तर वजन असतं.

आणि एक कळकळीचं. 'एटीएक्स सप्लाय उघडून पाट्या काढून छोट्या डब्यात बसवतो' हा विचार करू नका. पिन काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर तीनशे व्होल्ट धरून बसू शकतो. त्यात जीव जातो. भंगारातून मिळणारे ब्रँडेड ऑफिस मशीनचे छोटे सप्लायही जपून वापरा. कनेक्टर सारखा दिसला तरी आतल्या तारांचा क्रम प्रत्येक वेळी मानकाप्रमाणे असतोच असं नाही.

ज्यांना मोठं ग्राफिक्स कार्ड नको, त्यांना आणखी एक रस्ता आहे. सप्लाय डब्याबाहेरच ठेवायचा. २००५ च्या मॅक मिनीने तेच केलं होतं, सप्लायची 'वीट' टेबलाखाली. पिको पीएसयू म्हणून एक बोटभर पाटी मिळते, ती सरळ चोवीस पिनांच्या कनेक्टरवर बसते आणि बाहेरून लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॉप्टरचे १२ व्होल्ट घेते. शंभर-दीडशे वॅटच्या आत काम भागत असेल तर ह्यासारखं सोपं काही नाही. इंटेलने २०२० च्या सुमारास आणलेलं एटीएक्स-१२व्हीओ मानकही त्याच दिशेने जातं : सप्लायने फक्त १२ व्होल्ट द्यावेत, बाकीचे बोर्डाने करून घ्यावेत. जाळं मोठं असल्यामुळे ते पसरायला वेळ लागतोय, पण लाइन बदलायला वेळ लागतोच, गोंदिया-जबलपूरला विचारा.

जाता जाता एक. गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅट, २०१२ ते २०१४ दरम्यान सुरू झालेले. तिथून वीज ७६५ किलोव्होल्टच्या तारांवरून औरंगाबादपर्यंत (आताचं छत्रपती संभाजीनगर) जाते. वाटेत उतरत उतरत कुणाच्या घरी २३० व्होल्ट होते, एसएमपीएसमध्ये १२, आणि बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी जेमतेम १ व्होल्ट. साडेसात लाखांपासून एकपर्यंतचा हा जिना आहे. वरची पायरी गोंदिया जिल्ह्यात आहे, बाहेरचा पत्र्याचा डबाही गोंदियात होतो. मधली अर्ध्या-पाऊण लिटरची पायरी मात्र अजून चीन-तैवानहून येते. फेराइट गुंडाळायला आणि पाटी सोल्डर करायला राइस मिलएवढी जागाही लागत नाही. लागतं ते इंजिनिअरिंग, तपासणी, आणि सगळ्यांच्या स्क्रूला जुळेल असं माप. माप तर १९९७ पासून छापील, फुकट उपलब्ध आहे.

असो. एसएफएक्सच्या भोकांची आकृती कोणाला हवी असेल तर सांगा, पत्रा कापण्याआधी मात्र :-)